अर्जदाराने मान हलवून संमती दिली

मास्तराच्या तोंडासमोर येऊन लोक ओरडायचे. जन्मापासून ज्याच्या कानात ढगांचा गडगडाटसुद्धा शिरला नाही, त्याच्यापुढे घसा फोडून काय उपयोग? पण माणसाची जातच अशी, की समोरच्याला ऐकू येत नाही म्हटलं की आधी आवाज वाढवते, मग हातवारे करते आणि शेवटी डोळे वटारते. मास्तरानं लहानपणीच यावर तोडगा काढला होता. समोरचा काहीही म्हणो, मान हलवायची. दोनदा, सावकाश, थोडं हसून. समोरचा खूश होऊन निघून जातो आणि आपण आपल्या कामाला मोकळे. कारखान्यातली माणसं त्याला मागे 'होयबा' म्हणायची. हसणाऱ्यांचे डोळे कुणीकडे वळतात हे त्याला दिसत होतं, पण तो मनाला लावून घ्यायचा नाही. त्याचा खरा होकार निराळा होता. छातीवर तळहात सपाट टेकवून दोनदा थोपटायचं. हा होकार जगात एकाच माणसाला माहीत होता, ती म्हणजे ताई.

ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, त्रेपन्नची. खिडकीशी बसून शर्टांना काजं करायची, बटणं लावायची. गल्लीत तिला काजवाली म्हणत. तिचं लग्न झालं आणि मोडलं, ती कथा वेगळी आणि सांगण्यासारखी नाही. आई गेल्यावर दोघं भावंडं दोन खोल्यांत राहिली. मास्तर पाच वर्षांचा असताना कोणीतरी बहिऱ्यांच्या शाळेचं नाव काढलं होतं, पण ती शाळा दूर, तिथंच ठेवावं लागणार. आई म्हणाली, "एवढंसं पोर, पोटात दुखलं तर सांगेल कुणाला?" झालं. शाळा राहिली ती राहिलीच.

मग भाषा कुठून आणायची? ती या दोघांनी घरीच केली. आई म्हणजे हनुवटीवर बोट, कारण तिथं तिला तीळ होता. ताई म्हणजे कानामागची वेणी ओढायची. वेणी जाऊन पांढरा अंबाडा आला तरी खूण तीच. उद्या म्हणजे तळहातावर गाल टेकायचा, परवा म्हणजे दोनदा टेकायचा. थापाड्या माणूस म्हणजे गाल फुगवून बोटानं फुस्स करायचं. पन्नाशी जवळ आली तोवर अशा चार-पाचशे खुणा जमल्या होत्या, आणि त्यांत काय नव्हतं? भांडण होतं, रुसवा होता, चहाडी होती. घरमालक भाडं मागायला यायचा आणि पाय फेकत जिना चढायचा, ते मास्तर नुसत्या दोन बोटांनी ताटाच्या काठावर असं करून दाखवायचा की ताईला ठसका लागायचा. "जेव गुपचूप, मेल्या," असं ती तोंडानं म्हणायची, आणि हातानं म्हणायची, आणखी एकदा दाखव.

त्याला मास्तर म्हणत ते शिकवण्यामुळे नव्हे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापणाऱ्याला कटिंग मास्तर म्हणतात. लांब टेबलावर कापडाचे ऐंशी थर अंथरायचे, वर कागदी नमुने मांडायचे, खडूनं खुणा करायच्या आणि उभ्या पात्याचं यंत्र दोन्ही हातांनी धरून त्या खुणांवरून न्यायचं. एक सूत हुकलं की ऐंशी बाह्या वाया. मास्तर सव्वीस वर्षं त्या टेबलाशी उभा होता. नमुने तो असे काही एकमेकांत बसवायचा की त्याच्या टेबलाखालचं चिंध्यांचं पोतं सगळ्यांच्या शेवटी भरायचं. पातं बोथट झालं की इतरांना आवाजावरून कळायचं, त्याला कोपरातून कळायचं, आणि इतरांच्या आधी कळायचं. नवा माणूस टेबलावर आणला की त्याला आधी मास्तराच्या शेजारी आठवडाभर उभा करत. नुसता बघ म्हणायचे. तिथं मास्तर बहिरा नव्हता, मुका नव्हता. तिथं तो मास्तर होता, आणि ज्याला जन्मभर लोकांपुढे मान हलवावी लागली, त्याला अशी एक जागा लागते हो. नाहीतर माणूस जगणार कशावर?

मग अपघात झाला. त्याचा नव्हे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मागून कोणीतरी हाक मारली, त्यानं ओ देत मान वळवली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. ऐकू येत होतं म्हणून गेली. मास्तराला कोणी हजार हाका मारल्या असत्या तरी त्याची नजर पात्यावरून हलली नसती. पण आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! अपघातानंतर सुरक्षा तपासणी झाली, भिंतीवर भोंगा बसला, भोंगा वाजला की यंत्रं बंद करून सगळ्यांनी बाहेर पडायचं असा नियम आला, आणि मॅनेजरच्या ध्यानात आलं की मास्तरांना भोंगा ऐकू येत नाही. मॅनेजर नवा होता, वाईट नव्हता. ताई भेटायला गेली तेव्हा त्यानं तिला खुर्ची दिली.

"मावशी, उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? माझीच ना?" तो म्हणाला. "पगार तोच ठेवलाय. पॅकिंगला बसून काम आहे, पंखा आहे. त्यांना आरामच आहे."

"अहो, त्याला आराम नकोय. त्याला टेबल हवंय."

"ते मला कळतं हो. पण नियमापुढे माझं काय चालणार?"

मास्तर पॅकिंगला बसला. शर्टाची घडी घालायची, गळ्यात पुठ्ठा सरकवायचा, पिशवीत भरायचं, चिकटपट्टी लावायची. पहिल्या दिवशी घरी आला तो दारातूनच ताईला विचारू लागला. बोटांची कात्री केली, ती तिरकी पळवली आणि भुवया वर केल्या. काय चुकीचं कापलं मी? ताईनं सांगितलं, काही नाही. त्यानं पुन्हा विचारलं. बाही? गळा? खिसा? ताईनं कान दाखवला आणि भोंगा कसा दाखवायचा ते तिला सुचेना. गालफडं फुगवून हातानं तोंडापुढे नळी केली तर त्याला वाटलं कारखान्यात बँड आणलाय. हसावं की रडावं! शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बसला आणि जुन्या वर्तमानपत्रातून बाह्या कापू लागला. चिंध्या अगदी थोड्या पडल्या.

कुणीतरी ताईला वकीलबाईंचा पत्ता दिला. बाई स्वतः कुबड्या घेऊन चालायच्या. अपंगांच्या नोकरीचे दावे लढवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्या दर महिन्याला एक माहितीपत्रक काढायच्या. कायद्यात काय बदललं, कोणत्या कारखान्यानं रॅम्प बांधला, कुणाला नोकरीत परत घेतलं, असलं त्यात असायचं, आणि ते वकिलांकडे जायचं तसंच मालकांकडेही जायचं. त्यांनी सगळं ऐकलं आणि टेबलावर थाप मारली.

"ताई, कायदा शंभर टक्के आपल्या बाजूनं आहे. भोंग्याशेजारी लाल दिवा लावायचा. भोंगा वाजला की दिवा लुकलुकतो, मास्तर यंत्र बंद करतात, संपलं! याला वाजवी सोय म्हणतात. एका दिव्यासाठी सव्वीस वर्षांच्या कारागिराला कोणी हलवू शकत नाही."

मास्तर शेजारी बसून ताईच्या हातांकडे बघत होता. ताईनं डोळ्यांपुढे मूठ उघड-मीट केली, मग बोटांची कात्री केली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. दिवा, मग टेबल परत. मास्तरानं छातीवर तळहात दोनदा थोपटला. मग तो भराभर सांगत सुटला. पातं बदलायला हवं, त्याच्या जागी आलेला माणूस खडू ओला ठेवतो, थर ओढून अंथरतो म्हणून कापड आखडतं. ताईचे हात त्याला तितक्याच भराभर उत्तर देत होते. वकीलबाई कौतुकानं बघत राहिल्या. "किती छान बोलता हो तुम्ही दोघं," त्या म्हणाल्या.

त्यांनी आणखी एक आनंदाची बातमी सांगितली. अपंगांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी कचेरीत सुनावणीचे नियम नुकतेच बदलले होते. पूर्वी बहिऱ्या माणसाच्या वतीनं नातेवाईक बोलायचे आणि त्यात भयंकर लबाड्या व्हायच्या. भावांनी बहिऱ्या बहिणीचं घर आपल्या नावावर लिहून घेतलं, काकानं पुतण्याचा राजीनामा दिला, अशी ढीगभर प्रकरणं. वकीलबाई आणि त्यांच्यासारखे दहाजण सात वर्षं भांडले तेव्हा नियम आला. आता सुनावणीत प्रमाणपत्र असलेला दुभाषी सरकारच देणार, आणि नातेवाइकानं मध्ये हातही हलवायचा नाही.

"म्हणजे मी नको?" ताईनं विचारलं.

"तुम्ही मागे बसायचं आणि मजा बघायची," बाई हसून म्हणाल्या. "इतकी वर्षं तुम्ही ओझं वाहिलंत. आता ते सरकार वाहील."

अर्ज ताईनंच भरला. त्यात एक रकाना होता, 'अर्जदाराची संवादाची भाषा'. पुढे तीन चौकोन: सांकेतिक भाषा, ओठवाचन, लेखन. ताईनं जरा वेळ पेन चावलं. लिहिता त्याला येत नव्हतं, ओठ त्याला कळत नव्हते. राहिलं काय? संकेत. मग आपण इतकी वर्षं करतोय ते दुसरं काय आहे? तिनं पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली. आता यात तिचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. बहिऱ्यांच्या शाळांत शिकवतात ती एक वेगळी, पुरी, पुस्तकं असलेली भाषा आहे, आणि आपण बोलतो ती आपल्या दोन खोल्यांबाहेर कुणालाच येत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं, बहिरी माणसं सगळीकडे अशीच बोलत असणार. वकीलबाईंना कायदा येत होता, खुणा येत नव्हत्या. दोघींनी खाली सह्या केल्या.

सुनावणीच्या दिवशी मास्तरानं इस्त्रीचा शर्ट घातला, तोही स्वतः कापलेला. दालन नवंकोरं होतं. दाराशी उंबरठा नव्हता, बटणांवर टिंबांचे ठसे होते, रॅम्पला दोन्हीकडून कठडे. वकीलबाई कुबड्या टेकत आत शिरताना म्हणाल्या, "बघा, सगळं झालं की नाही!" समोर सुनावणीचे साहेब बसले होते, सभ्य आणि दमलेले. त्या दिवशी त्यांच्यापुढे एकोणीस प्रकरणं होती. एका बाजूला मॅनेजर, दुसऱ्या बाजूला वकीलबाई आणि मास्तर, आणि मास्तराच्या समोर काळ्या झग्यातल्या दुभाषीबाई, चाळिशीच्या, हसतमुख. त्यांचे आईवडील दोघंही बहिरे होते, शाळांतल्या त्या सांकेतिक भाषेतच त्या वाढल्या होत्या. ताई मागच्या बाकावर. शिपायानं येऊन सांगितलं, "हात मांडीवर ठेवायचे, मावशी. खूण केलीत तर प्रकरण रद्द होतं."

दुभाषीबाईंनी हात उचलले. काय हात होते ते! बोटं पाण्यासारखी वाहत होती. मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिला, जादूगाराकडे बघावं तसा. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ताईला त्याच्या मानेच्या मागच्या बाजूवरून ते कळलं. मग दुभाषीबाईंनी विचारलं, माझं बोलणं कळतंय का? आणि मास्तरानं जन्मभर जे केलं तेच केलं. थोडं हसला आणि सावकाश दोनदा मान हलवली.

"त्यांना समजतंय, साहेब," दुभाषीबाई म्हणाल्या.

ताई पुढे वाकून कुजबुजली, "वकीलबाई, अहो, त्याला नाही कळत."

बाईंनी मागे न बघता हात हलवला. "घाबरू नका. नवीन जागा आहे, जरा वेळ द्या. नियम आपल्यासाठीच आहे."

मॅनेजर उठला. त्यानं आदबीनं सांगितलं की कंपनी दिवा लावायला तयार आहे. पण मास्तर आता पॅकिंगमध्ये रुळले आहेत, तिथं पगार तोच, धोका काही नाही, आणि ते तिथं समाधानी आहेत. "त्यांच्या वतीनं मी कशाला बोलू? साहेबांनी त्यांनाच विचारावं."

साहेबांना ते पटलं. नव्या नियमाचं मर्मच ते होतं, माणसाला स्वतःला विचारा. ते मास्तराकडे वळून म्हणाले, "तुम्ही पॅकिंग विभागात समाधानी आहात का?" दुभाषीबाईंची बोटं फिरली. मास्तरानं मान हलवली.

"तुम्हाला तिथंच काम करत राहायचं आहे का?" मान हलली.

"कंपनीविरुद्ध तुमची काही तक्रार आहे का?"

मान हलली.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आहे? म्हणजे तक्रार आहे?" मान हलली. "की तक्रार नाही असं म्हणायचंय?" मान हलली. तेव्हा साहेब जरा हसले आणि म्हणाले, "माझाच प्रश्न वाकडा होता. नाही असंच म्हणतायत ते. नमूद करा." मास्तरानं त्यांना हसताना बघितलं आणि तोही हसला. त्याला वाटलं, मोठा माणूस खूश झाला, काम झालं.

ताई उभी राहिली. "साहेब, तो कशालाही मान हलवतो! त्याला विचारा, तू बैल आहेस का, तरी हलवील!"

"बाई, खाली बसा. तुम्ही नातेवाईक आहात."

"अहो पण—" तिचा उजवा हात आपोआप वर आला. शिपाई म्हणाला, "मावशी, हात!" तिनं तो डाव्या हातानं धरून खाली दाबला. खूण केली तर प्रकरण रद्द, आणि प्रकरण रद्द झालं तर टेबल गेलंच. म्हणून ती हात धरून बसली. वकीलबाई आता पांढऱ्याफटक पडून उठल्या होत्या, म्हणत होत्या की माझ्या अशिलाला पुन्हा विचारावं. साहेबांनी दुभाषीबाईंना शपथेवर विचारलं, तुम्ही नीट सांगितलंत ना? त्यांनी नीटच सांगितलं होतं. मग साहेब म्हणाले, "वकीलबाई, हा नियम तुम्हीच भांडून आणलात. आता अर्जदाराचं उत्तर आवडलं नाही म्हणून नातेवाइकाचं ऐकू का?"  पुढचं प्रकरण दारात उभं होतं.

बाहेर व्हरांड्यात ताईनं मास्तराला एक प्रश्न विचारला, नेहमीच्या खुणांनी, आणि त्यानं नेहमीच्या खुणांनी उत्तर दिलं. दुभाषीबाईंनी ते पाहिलं. त्या जागच्या जागी थांबल्या. "ही कुठली भाषा?" त्यांनी विचारलं.

"आमची."

"पण अर्जात तर..."  त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या खरोखर रडल्या. त्यांच्या रडण्यानं निकाल बदलणार नव्हता, पण रडल्या एवढं खरं.

आठवड्यानं आदेश आला. 'अर्जदाराने प्रमाणित दुभाष्यामार्फत, मान हलवून, सद्य पदास संमती दिली.' शिवाय, कंपनीनं कटिंग विभागात लुकलुकणारा लाल दिवा तीस दिवसांत बसवावा. तो बसला. पंधरा दिवसांतच बसला. मास्तराच्या जुन्या टेबलावर, बरोब्बर डोळ्यांसमोर, आणि त्याच्याखाली उभा असतो तो माणूस ज्याला भोंगा ठणठणीत ऐकू येतो. वकीलबाईंना कळायच्या आत त्यांचं माहितीपत्रक छापायला गेलं होतं. त्यात त्यांच्याकडच्या मदतनिसानं आदेश वाचून बातमी टाकली होती: नव्या दुभाषी नियमाखालचं पहिलं प्रकरण सामोपचारानं निकाली, कारखान्यात दृश्य इशारा यंत्रणा. मॅनेजरनं ते पान फलकावर लावलं.

वकीलबाई स्वतः ताईच्या घरी आल्या. कुबड्या काखेत धरून तो जिना चढून आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"अपील करता येतं. तीस दिवस आहेत. पण आधार एकच आहे, ताई. संमती समजून दिलेली नव्हती. त्यासाठी तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल की भावाला कुठलीच भाषा येत नाही."

"येत नाही? माझ्यापेक्षा जास्त येतं त्याला!"

"मला दिसतं ते. पण कायद्याला जी भाषा माहीत आहे ती येत नाही, म्हणजे येत नाही. मग डॉक्टर तपासतील, पालक नेमतील. बहुधा तुम्हालाच."

"आणि टेबल?"

 "मी कंपनीची वकील असते तर तिथं काय म्हटलं असतं ते सांगते. ज्या माणसाला काही समजत नाही असं त्याची बहीणच लिहून देते, त्याच्या हाती पातं कसं द्यायचं? आणि साहेबांनी ते मानलं असतं."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. समजतं म्हणावं तर त्यानंच टेबल सोडलं, आणि समजत नाही म्हणावं तर तो टेबलाच्या लायक नाही. ताईनं शपथपत्राचा कागद परत केला. भावाला बिनडोक ठरवून पालक व्हायचं तिच्या हातून होणार नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझं चुकलं, ताई. तुमच्या खुणा कुठल्या, हे मी एकदा तरी विचारायला हवं होतं." ताईला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण त्या एवढ्या थकलेल्या दिसत होत्या, की ती म्हणाली, "उतरताना तिसरी पायरी फुटकी आहे, जपून."

आता उरलं मास्तराला सांगणं. तो रोज विचारत होता. उद्या? म्हणून तळहातावर गाल टेकायचा. मूठ उघड-मीट करायचा, कात्री करायचा. दिवा बसलेला त्यानं पॅकिंगच्या दारातून पाहिला होता, आणि त्याच्या हिशेबी दिवा बसला म्हणजे टेबल आलं. तिनंच तसं सांगितलं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ताईनं त्याला समोर बसवलं आणि सांगितलं. टेबल नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही. त्यानं ते दोनदा सांगायला लावलं. मग त्याचा चेहरा उतरत गेला, आणि त्यानं तळहात उताणा करून, भुवया वर करून विचारलं. कुणी? कुणी घालवलं?

ताईच्या हातांत उत्तर नव्हतं. त्यांच्या भाषेत माणसं होती. नियम, रकाना, प्रमाणपत्र यांच्या खुणा कधी लागल्याच नव्हत्या. कुणाकडे बोट दाखवावं? साहेबांकडे? दुभाषीबाईंकडे? कुबड्या घेऊन जिना चढणाऱ्या बाईकडे? ती विचार करत होती तोवर मास्तराच्या मनात ते दालन येऊन गेलं. समोरचा मोठा माणूस, त्याचं हसणं, मग आपलं हसणं. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं अगदी हळू मान हलवून दाखवली, एकदा, आणि मग स्वतःच्या छातीकडे बोट केलं. मी?

ताईला पूर्वीचा एक प्रसंग ठाऊक होता. उमेदवारीच्या दिवसांत त्याच्या हातून एकदा चाळीस गळे उलटे कापले गेले होते. मालक काही बोलले नव्हते, तरी हा चार दिवस जेवला नव्हता. पाचव्या दिवशी आईनं त्याच्या मुठी उघडल्या तर तळव्यांत नखांच्या जखमा होत्या. तेव्हा चाळीस गळे होते. आता सव्वीस वर्षं होती.

म्हणून तिनं डोकं हलवलं. नाही. तू नाही. आणि कानामागून वेणी ओढावी तशी खूण केली. मी. कागदावर मी चुकीचं केलं. आणि तिनं हवेत ती बरोबरची खूण काढून दाखवली, जी तिनं खरोखरच केली होती.

तिचा हिशेब सरळ होता. रागावेल, आदळआपट करील, चार दिवस तोंड फिरवील, मग भूक लागली की येईल. बहीणभावांत हे काय नवीन होतं? माझ्यावर चिडला तर जगेल, स्वतःवर चिडला तर मरेल. एवढाच तिचा विचार.

मास्तरानं आदळआपट केली नाही. तो तिच्या हातांकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला, आतल्या खोलीत गेला आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याला आता आठ महिने झाले. तो कामावर जातो, शर्टांच्या घड्या घालतो, घरी येतो. ताट वाढलं की जेवतो, आणि जेवताना नजर ताटात ठेवतो. ऐकणारा माणूस अबोला धरतो तेव्हा त्याच्या कानावर शब्द तरी पडतात. आपण बोलत राहावं, कधीतरी त्याचं मन द्रवेल. बहिऱ्या माणसानं डोळे वळवले की संपलं. ताईनं सगळं करून पाहिलं. खांद्याला हात लावला तर तो बाजूला होतो, समोर जाऊन उभी राहिली तर डोळे मिटतो. घरमालकाचं चालणं तिनं बोटांनी करून दाखवलं, ते त्यानं पाहिलंच नाही. खरं काय घडलं ते सांगायचंही तिनं एकदा ठरवलं होतं, की बाबा रे, तुझी मान, माझी खूण, सगळ्यांचंच थोडं थोडं. पण ते सांगायलासुद्धा त्यानं बघायला हवं.

परवा ती काजं करताना सुई बोटात घुसली आणि तिनं सवयीनं वर बघून हातानं सांगितलं, आई गं, रक्त. तो समोरच खुर्चीवर बसला होता. त्याला वाटलं, ही काहीतरी म्हणतेय. त्यानं तिच्याकडे बघितलं, थोडं हसला आणि सावकाश दोनदा मान हलवली.